मे महिन्यातले मडके

जून-जुलैत शाळाशाळांमधून झाडे लावली जातात. खड्डे आधीच घेतलेले असतात, रोपवाटिकेतून रोपे येतात, मुले हौसेने माती लोटतात. पुढचे चार महिने पाऊस आपला वाटा उचलतो. दिवाळीपर्यंत सारे ठीक असते. फेब्रुवारीपासून पाण्याची ओढ लागते, एप्रिलमध्ये परीक्षा येतात आणि मे महिन्यात शाळेला कुलूप लागते. नेमक्या याच आठवड्यांत रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते. पुढच्या जूनमध्ये पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा समारंभ होतो. हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

अडचण नेहमीच पाण्याच्या तुटवड्याची असते असे नाही. हातभर उंचीच्या रोपाची तहान तशी थोडकी असते. पण ते थोडके पाणी त्याला सावकाश, मुळाशी आणि खंड न पडता मिळावे लागते. आपण करतो नेमके उलटे. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी आळ्यात ओततो. त्यातले काही भरभर खोल निघून जाते, काही वरच्या तापलेल्या मातीतून उडून जाते. तीन दिवसांनी रोप पुन्हा तहानलेले. आणि जिथे घरच्या हंड्यांसाठीच टँकरची वाट पाहावी लागते तिथे झाडाला बादली ओता असे मुलांना सांगायला जीभ रेटत नाही. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

यावर एक उपाय कुंभारवाड्यात मिळतो. एक मडके, अर्धी करवंटी, हिराची एक काडी, थोडा काथ्या आणि टोपलीभर पाचोळा एवढ्या सामग्रीत तो उभा राहतो. घरच्या बागेत एखाद्या मुलाला बरोबर घेऊन तो सहज करता येतो. आम्ही तो आमच्या नऊ वर्षांच्या भाचीच्या संगतीने केला. वर्गातही तो तसाच करता येईल. आमच्या मते मात्र प्रत्येक शिक्षकाने तो आधी आपल्या अंगणात एका मुलाबरोबर करून पाहावा. चाळीस मुलांच्या गलक्यात ऐकू न येणारे प्रश्न एकटे मूल बरोबर विचारते.

मडके निवडणे हे पहिले काम, आणि ते घाईने करू नये. गाडगे, लोटके, मडके, घागर, माठ, डेरा, रांजण अशी कितीतरी नावे आपल्या भाषेत केवळ आकारावरून आहेत. कुंभाराकडे गेल्यावर ती मुलांना वस्तू दाखवून सांगता येतात. आपल्याला पाच-सहा लिटरचे, अरुंद तोंडाचे मडके हवे. बाहेरून रंगवलेले किंवा चकचकीत केलेले नको. टिचकी मारून पाहावी. अखंड मडके खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. तड्यापाशी कंपनांची वाट अडते, म्हणून नाद टिकत नाही. गिऱ्हाईक ही परीक्षा नेहमी करते, पण तिचे कारण मुलांना क्वचितच कोणी सांगते.

घरी आणून मडके भरून ठेवले. तासाभरात त्याचे पोट ओले दिसू लागले. भाची धावत आली.

"मामा, हे गळतंय. आपण बदलून आणूया."

"गळतंय की पाझरतंय?"

"दोन्ही एकच ना?"

एकच नव्हे. आम्ही तिच्या हाती कोरडे फडके दिले आणि मडके पुसून नीट पाहायला सांगितले. तडा असेल तर पाणी पुन्हा एकाच रेषेवर दिसते आणि थेंब ओघळतो. येथे मात्र ओल सगळीकडून सारखीच उमटली. मडक्यावर एकही भोक दिसत नव्हते, तरी पाणी बाहेर येत होते. म्हणजे भोके होती, ती दिसत नव्हती इतकेच.

ही भोके येतात कोठून? चिकणमातीचे कण फार बारीक आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. नुसत्या चिकणमातीचे भांडे वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून कुंभार तीत राख, घोड्याची लीद, कधी भुसा मिसळतो. आव्यात भांडे भाजताना लिदीतले आणि भुशातले गवताचे तुकडे जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. आव्यातला ताव साधारणपणे हजार अंश सेल्सिअसच्या आतच असतो. तेवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. चिनी मातीची बरणी याहून पुष्कळ जास्त तापवलेली असते आणि तिच्यावर काचेसारखा लेपही असतो, म्हणून तिच्यातले लोणचे पाझरत नाही. बरणी आणि मडके ही दोन्ही मातीचीच. फरक तावाचा आणि लेपाचा.

माठातले पाणी गार होते ते याच भोकांमुळे. बाहेर आलेली ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे माठातून १०० ग्रॅम पाणी उडाले, तर तेवढ्यात जवळजवळ सहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हावे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येतच असते, त्यामुळे इतका गारवा मिळत नाही. पण हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. झाडाजवळ पुरायला जुना माठ वापरावा असे सर्रास सांगितले जाते. जो माठ आता पूर्वीसारखे पाणी गार करत नाही त्याची छिद्रे क्षारांनी आणि गाळाने बुजलेली असतात. जो माठ गार करत नाही तो झाडालाही पाणी देणार नाही. जुना माठ जरूर वापरावा, पण आधी भरून, पुसून, ओल उमटते का ते पाहून.

आता मोजमाप. मडक्यातले पाणी रोज किती कमी होते हे कळायला हवे, आणि पुरलेले मडके काट्यावर ठेवता येत नाही. नारळाच्या झापाच्या पातीतून काढलेला हीर, म्हणजे आपल्या खराट्याची काडी, याला उत्तम. ती सरळ असते, पाण्याने फुगत नाही आणि बुडालेला भाग ओला दिसतो. प्रथम एका फुलपात्रात किती पाणी मावते ते लिटरच्या बाटलीवरून ठरवले. आमच्याकडे पाच फुलपात्रांचा एक लिटर झाला. मग रिकाम्या मडक्यात काडी उभी धरून एकेक फुलपात्र ओतत गेलो आणि दरवेळी पाणी जिथवर आले तिथे भाचीने चाकूने बारीक खाच पाडली. (चाकू धरताना जवळ मोठे माणूस असावे हे ओघानेच आले.)

काडी पुरी झाल्यावर तिने ती निरखून पाहिली आणि तिचे समाधान होईना. खाचा सारख्या अंतरावर नव्हत्या. तळाशी त्या लांब लांब होत्या, मध्ये अगदी दाटीने आल्या होत्या, गळ्यापाशी पुन्हा विरळ. "माझं चुकलं. सगळ्या सारख्या यायला हव्यात. पट्टीवर कशा असतात?" ती म्हणाली. आम्ही लगेच उत्तर दिले नाही. एक फुलपात्र पाणी परातीत ओतायला सांगितले, तेवढेच एका उंच पेल्यात. परातीत पाणी बोटभरही चढले नाही. पेला जवळजवळ भरला. ती पुन्हा मडक्याकडे गेली, त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोट मोठं आहे ना, म्हणून!"

या एका वाक्यासाठी अर्धा तास गेला आणि तो सत्कारणी लागला असे आम्हांला वाटते. विकतच्या मापावर रेघा आयत्या असतात. त्या तिथेच का आहेत, हा प्रश्न मग पडतच नाही. स्वतः पाडलेल्या वेड्यावाकड्या खाचांमधून आकार आणि आकारमान यांचे नाते हाताला कळते. सहावी-सातवीच्या मुलांना याचाच आलेख काढायला सांगावा: आडव्या अक्षावर फुलपात्रे, उभ्या अक्षावर काडीवरची उंची. त्या रेषेचे वळण पाहून मडके न दाखवता त्याचा आकार ओळखायचा खेळही रंगतो.

झाकणासाठी करवंटी. नारळाच्या दोन भकलांपैकी डोळे असलेले भकल घ्यावे. खोबरे काढून, कड फरशीवर पाणी टाकून घासावी, म्हणजे ती मडक्याच्या तोंडावर नीट बसते. नारळाला डोळे तीन असतात, पण त्यांतला एकच मऊ असतो. कोंब त्यातूनच बाहेर येतो. बाकीचे दोन कठीणच राहतात. नारळाच्या फुलातल्या बीजकोशाला तीन भाग असतात, त्यांतल्या एकातच बी धरते, त्याची ही खूण. मऊ डोळा खिळ्याने सहज उघडतो. त्यातून आपली काडी आत घालायची. म्हणजे झाकण न काढता पाणी मोजता येते आणि झाडाने स्वतःसाठी ठेवलेली वाट आपल्याही कामी येते.

पण त्या भोकात काथ्याचा बोळा घट्ट बसवलाच पाहिजे. उघडे मडके म्हणजे डासांचे पाळणाघर. डेंग्यूचे डास घराजवळच्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांची पिढी उडून जाते. करवंटी आणि तोंड यांमध्ये फट राहत असेल तर आधी सुती फडके बांधावे, त्यावर करवंटी. या बाबतीत ढिलाई करण्यापेक्षा मडके न पुरलेले बरे.

पुरताना खड्डा मडक्याच्या दुपटीहून रुंद घ्यावा. काढलेल्या मातीत कुजलेले शेणखत मिसळून ती ओलसर करावी आणि मडक्याभोवती हाताने दाबत दाबत भरावी. माती मडक्याला सगळीकडून टेकली पाहिजे. मध्ये हवेची पोकळी राहिली तर त्या जागी पाणी पुढे सरकत नाही. गळा दोन बोटे जमिनीच्या वर ठेवावा, नाहीतर पावसाचा गढूळ लोट आत शिरतो. रोप मडक्यापासून वीतभर अंतरावर असावे. आधी लावलेल्या रोपाशेजारी मडके पुरायचे असेल तर एकाच बाजूने आणि जपून खणावे. काळ्या जमिनीत थोडी काळजी जास्त: ती उन्हाळ्यात भेगाळते, मडक्यापासून सुटते, प्रसंगी त्याला तडाही जातो. तेथे खड्ड्यातल्या मातीत वाळू किंवा पोयटा भरपूर मिसळावा. शेवटी वरून चार बोटे पाचोळा, पाचट किंवा वाळके गवत अंथरावे. रोपाच्या बुंध्याशी मात्र ते भिडवू नये, वाळवीला आमंत्रण नको.

आता मुख्य प्रश्न. माठ उघड्यावर ठेवला तर पाणी हवेत उडते. पुरलेल्या मडक्याभोवती हवा नाही, माती आहे. मग पाणी बाहेर का येते, आणि सगळे एकदम का येत नाही?

दिव्याची वात तेल वर ओढते, ओल्या जमिनीवरची वीट हळूहळू वरपर्यंत भिजते, फळ्याचा खडू टोकाने पाण्यात धरला तर पाणी त्यात चढते. हे केशाकर्षण मुलांनी पाहिलेले असते. कोरड्या मातीच्या कणांमध्येही अशाच बारीक फटी असतात आणि त्या पाणी ओढतात. माती जितकी कोरडी तितकी ओढ जोरदार. भिजत गेली की ओढ मंदावते. मडक्याच्या भिंतीतून किती पाणी जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमधल्या या फरकावर ठरते. फ्रान्समधल्या दिजाँ गावाच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेल्या ऑंरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरांतून पाणी सोडून असाच नियम शोधला आणि १८५६ साली प्रसिद्ध केला: प्रवाह हा दाबातल्या फरकाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. कुंभाराने ठोकून पातळ केलेले मडके जाड मडक्यापेक्षा जास्त का पाझरते, याचे उत्तर त्यातच आहे.

आता यात झाड आणून बसवा. मुळे मातीतले पाणी शोषतात. माती कोरडी होते, तिची ओढ वाढते, मडके जास्त पाझरते. पाऊस पडला, ढगाळ हवा आली, की मुळांचे शोषण कमी होते, माती ओली राहते आणि पाझर मंदावतो. तो पूर्ण थांबतो असे नाही, कारण मडक्यातल्या पाण्याचा स्वतःचा दाब असतोच. पण नळाची चावी बऱ्याच अंशी झाडाच्याच हाती असते. महागड्या यंत्रणांमध्ये यासाठी ओल मोजणारी उपकरणे बसवतात. इथे ते काम भाजलेली माती आणि मूळ आपसांत करतात.

भाचीच्या वहीत हेच दिसले. पहिल्या दिवशी पाणी पाच खाचा उतरले, कारण भोवतीची माती कोरडी होती. तिला वाटले, मडके दोन-चार दिवसांत रिकामे होणार. नंतर उतार दिवसाला दोन खाचांवर आला. मध्ये अवकाळी सर आली, तेव्हा दोन दिवस पाणी जेमतेम अर्धी खाच हलले. पुढे ऊन तापले तसा आकडा पुन्हा वाढला. शेजारी हवामानाची एकेका शब्दाची नोंद होती: ऊन, ढग, पाऊस, ऊन. दोन रकाने समोरासमोर ठेवल्यावर आम्हांला फारसे समजवावे लागले नाही.

वर्गात हे महिनाभरात दाखवायचे असेल तर दोन सारखी गाडगी घ्यावीत. एकाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत, दुसरे तसेच ठेवावे. दोन कुंड्यांत मधोमध ती पुरून भोवती मेथी पेरावी. उगवेपर्यंत दोन्हींना वरून पाणी द्यावे, नंतर फक्त गाडग्यात. कोणती मेथी माना टाकते आणि किती दिवसांनी, हे मुलांना आधी लिहून ठेवायला लावावे. अंदाज लिहिलेला नसला की निकाल पाहून सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं."

ही युक्ती आजची नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये फान शंगची याने लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात वेलांजवळ मातीची भांडी पुरून पाणी देण्याची रीत वर्णिली आहे. आपल्याकडे हरियाणातील कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात आर. सी. मोंडल यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. महाराष्ट्रात ती मटका सिंचन या नावाने ओळखली जाते. पुष्कळ ठिकाणी मडक्याच्या तळाला भोक पाडून त्यात सुती वात बसवतात. कमी पाझरणाऱ्या मडक्याला तो इलाज ठीक आहे. मात्र वातीतून पाणी भराभर जाते आणि झाडाच्या हातची चावी बरीचशी निसटते. पाझर चांगला असेल तर भोक पाडू नये, असे आमचे मत आहे.

मडक्याचा शत्रू म्हणजे गढूळ आणि जड पाणी. म्हणून पाणी नेहमी फडक्यातून गाळून भरावे. साबणाचे पाणी घालूच नये. वर राहिलेल्या गळ्यावर काही महिन्यांनी पांढरी खर दिसते. ती साध्या पाण्याने निघाली तर ते विरघळणारे क्षार आहेत. निघाली नाही आणि लिंबाचा रस लावल्यावर बारीक बुडबुडे आले, तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अशी परीक्षा मुले दहा वेळा करतात, लिंबे मात्र आधी मोजून द्यावीत. पाझर फारच मंदावला तर मडके काढून लिंबाच्या पाण्यात किंवा शिरक्यात भिजवावे आणि काथ्याने घासावे. तरीही ओल उमटली नाही तर नवे आणावे.

सुट्टीचा हिशेब आता काडीवरूनच करता येतो. समजा, सहा लिटरच्या मडक्यातून एप्रिलच्या अखेरीस रोज दोन फुलपात्रे, म्हणजे ४०० मिलिलिटर पाणी जाते. भागाकाराने उत्तर १५ दिवस येते. पण मडके अर्धे झाले की पाण्याला टेकलेली भिंतही कमी होते, म्हणजे पाझर घटतो. आणि मे महिन्यात ऊन वाढते, म्हणजे पाझर वाढतो. म्हणून १५ वर विसंबू नये, आठवड्याने एक खेप धरावी. सहा आठवड्यांच्या सुट्टीत सहा खेपा. दहा झाडे असतील तर एका खेपेला तीस लिटरच्या आतबाहेर पाणी. शाळेजवळ राहणारी दोन मुले हे काम सायकलवरून करू शकतात, आणि रोज बादल्या ओतण्याच्या मानाने ते थोडके आहे.

मडकी पुरायला योग्य वेळ पावसाळा संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमीन खणायला मऊ असते आणि उन्हाळा येईपर्यंत मुळांना मडक्यापर्यंत पोचायला चार-पाच महिने मिळतात. दोन वर्षांनी रोपाने जोर धरल्यावर एखादे मडके उकरून पाहावे. बारीक मुळांची जाळी त्याला बाहेरून लपेटलेली सापडते, आणि ती सोडवताना मुळे दुखावतात, म्हणून सगळी मडकी उकरू नयेत, एकच पुरे. सुट्टीवर निघताना काडी आणि वही जवळच्या मुलाच्या स्वाधीन करावी. वहीच्या पहिल्या पानावर मडक्याचा क्रमांक, मातीचा प्रकार आणि पहिल्यांदा पाणी भरल्याची तारीख अवश्य लिहावी. ती मागाहून कोणालाच आठवत नाही.